नाटक सोडलंस का गं?

कोल्हापुरात कुणी 'तालमीला चाललोय' म्हणालं, की 'कुठल्या?' असं विचारावं लागतं. बाकी महाराष्ट्रात तालीम म्हणजे नाटकाची. आमच्याकडे आधी गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी आठवते, लंगोट आणि तांबडी माती आठवते, आणि मग कुठे नाटक. शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये बांधलं आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये. तेही अगदी शेजारीशेजारी. एका बाजूला पैलवान, एका बाजूला नट, आणि दोघांच्याही तोंडी शब्द एकच.

शब्द एक आहे कारण अर्थही एकच आहे. तालीम म्हणजे हरायची मुभा असलेली जागा. मैदानात चितपट झालात की झालात, हलगी दुसऱ्यासाठी वाजते. पण तालमीत दिवसातून वीस वेळा पाठ मातीला लागली तरी कुणी मोजत नाही, उलट वस्ताद म्हणतो, 'हं, उठ, परत धर.' नाटकातही तेच. तिकीट काढून आलेल्या माणसापुढे चुकायचं नाही, म्हणून आधी महिना-दीड महिना एका कोंदट खोलीत मनसोक्त चुकून घ्यायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली चार वर्षं मी जे काम करते ते घरच्या मंडळींना समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले आहेत. कार्डावर लिहिलंय 'एक्झिक्युटिव्ह कोच'. त्याआधी बावीस वर्षं मी नट होते. (नटी म्हटलेलं मला कधीच आवडलं नाही.) राज्य नाट्य स्पर्धा, प्रायोगिक, मग व्यावसायिक नाटकांत छोट्या-मध्यम भूमिका, दौरे, पहाटे तीनला कुठल्यातरी ढाब्यावर पिठलं-भाकरी. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे काही दिवस उघडली, परत बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. त्या दीड वर्षात मी घरी बसून एक रीतसर कोर्स केला, लोकांना विनामूल्य कोचिंग करत तास भरले, आणि हळूहळू शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून बोलावणी यायला लागली.

तेव्हापासून दोन वाक्यं मी सतत ऐकते आहे. लग्नात पंगतीला शेजारी बसलेली मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणते, 'सुटलीस बाई एकदाची.' आणि नाटकातला जुना दोस्त चहाच्या गाड्यावर भेटला की म्हणतो, 'काय मग म्याडम, गेलासा न्हवं शेवटी सुटाबुटात!' मावशीच्या मते मी खड्ड्यातून वर आले, दोस्ताच्या मते वरून खड्ड्यात पडले. दोघंही माझ्यावर माया करतात, म्हणून तोंडावर काही बोलत नाही. पण मला दोघांचंही पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

मावशीपासूनच सुरुवात करते. तिने विचारलं होतं, 'कोच म्हणजे रेल्वेचा डबा ना गं?' सगळे हसले. पण शब्दाचा इतिहास पाहिला तर मावशीच बरोबर आहे! हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. तिथे बनणाऱ्या घोडागाड्या इतक्या चांगल्या होत्या की गाडीलाच युरोपभर गावाचं नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डची पोरं आपल्या खाजगी शिकवणीच्या मास्तरला गमतीने कोच म्हणायला लागली, कारण तो त्यांना परीक्षेच्या पार नेऊन सोडायचा. तिथून शब्द खेळात गेला. आणि खेळातून ऑफिसात आला तो अगदी अलीकडे. टिमथी गॉलवे नावाच्या टेनिसच्या प्रशिक्षकाने १९७४ मध्ये 'द इनर गेम ऑफ टेनिस' लिहिलं. त्याचं म्हणणं असं की समोरच्या खेळाडूपेक्षा आपल्याच डोक्यात बसून सतत सूचना देणारा माणूस जास्त त्रास देतो. हा विचार कंपन्यांपर्यंत नेणाऱ्यांत जॉन व्हिटमोर हा मोठा माणूस, आणि तो होता मोटार शर्यतींतला चालक, १९६१ चा ब्रिटिश सलून कार विजेता. त्याचं 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' १९९२ मध्ये आलं.

म्हणजे बघा, हा धंदा निव्वळ मॅनेजमेंटच्या वर्गातून निघालेला नाही. तो टेनिसच्या कोर्टावरून आणि शर्यतीच्या रस्त्यावरून आलाय. मग रंगमंचावरून कुणी आलं तर भुवया का उंचावाव्यात?

कोच करतो काय? तर शिकवत नाही. सल्ला देत नाही, निदान द्यायचा नसतो. मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर बसून त्याला विचार करायला लावणारे प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर पुरतं ऐकून घेतो, आणि पुढच्या भेटीपर्यंत तो काय करून बघणार हे त्याच्याकडूनच वदवून घेतो. नाटकातला प्रॉम्प्टर आठवा. विंगेत उभा असतो, सगळं नाटक त्याला पाठ असतं, पण तो नट अडल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि उघडलं तरी एकच शब्द देतो. पहिल्या रांगेपर्यंत आवाज गेला तर तो प्रॉम्प्टर वाईट. फरक इतकाच की कोचिंगमध्ये नाटक विंगेतल्या माणसालाही पाठ नसतं.

आता माझ्या दोस्ताकडे वळते. त्याचं म्हणणं, कला वेगळी आणि धंदा वेगळा, दोन्हीत पाय ठेवला की कला गेली. हे वाक्य कोल्हापुरात उभं राहून बोलायचं म्हणजे कमाल आहे. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आम्ही दोघांनी कामं केली, त्या केशवराव भोसल्यांचा जन्म १८९० चा आणि त्यांनी ललितकलादर्श काढली १९०८ मध्ये, हुबळीला. म्हणजे वय सतरा-अठरा. तेवढं पोरगं भूमिका करत होतं आणि कंपनीही चालवत होतं. नाटक कंपनी म्हणजे काय चीज होती याचा अंदाज आज येत नाही. नट, साजिंदे, पडदेवाले, कपडेवाले, आचारी, सगळा बारदाना घेऊन गावोगाव फिरायचं, पंक्तीत कोण कुठे बसणार यावरचे रुसवे काढायचे, आणि शनिवारी रात्री पडदा वेळेवर वर न्यायचा. आजच्या कुठल्याही मध्यम कारखान्याच्या मालकाने तोंडात बोट घालावं असा तो कारभार.

आणि त्या कंपन्यांत 'तालीममास्तर' नावाची एक मानाची जागा असे. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्या काळचे नावाजलेले तालीममास्तर. स्वतः पुढे न येता दुसऱ्याला उभं करणारा माणूस. तालमीतल्या वस्तादाचंही तेच. आखाड्याच्या कडेला उभं राहून तो पाहतो, आणि मैदानात हलगी त्याच्या पठ्ठ्यासाठी वाजते. वस्तादाला कुणी 'कुस्ती सोडलीस का रे' असं विचारत नाही. मग मलाच का?

आपल्याच गावचे गोविंदराव टेंबे घ्या. पेटीवाले, 'मानापमान'चे संगीतकार, नट, कंपनीचे मालक, पुढे प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त १९३२ मध्ये हरिश्चंद्र आणि संगीतही त्यांचंच, वर लेखकही. इतक्या वेळा वाट बदलली म्हणून त्यांना कुणी पळपुटा म्हटलं नाही. ती प्रभात कंपनी तरी काय होती? १ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेला धंदाच की. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे कलेच्या बाजूचे, आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी पैशाच्या बाजूचे.

टेंब्यांवरून दुसरी एक गोष्ट आठवते. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे बाहेर पडले, बोडसही बाहेर पडले, आणि मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली. त्यांच्या गळ्याबद्दल मी पामराने काय लिहावं. पण कंपनी कर्जात बुडत गेली हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला नेहमी वाटतं की बरोबरीने बसून 'नारायणराव, हे परवडणार नाही' असं म्हणणारं माणूस जवळ उरलं नाही, हेही त्यामागचं एक कारण असावं. भोवती होते ते भक्त. आणि भक्त खरं सांगत नाहीत.

आजच्या कारखान्यांत मी हेच बघते. माणूस जितका वर जातो तितकं त्याला खरं सांगणारं कमी होतं. मीटिंगमध्ये साहेब विनोद करतात आणि सगळे हसतात. साहेबांना वाटतं आपण विनोदी आहोत. :) त्या माणसाला एक जागा हवी असते, जिथे समोरचा ना त्याच्या पगारावर असतो ना त्याच्या घरातला. आणि चुकीचं वाक्य बोलून बघायची, ते मागे घ्यायची, परत बोलायची मोकळीक हवी असते. म्हणजे तालीम! ऑफिसात आणि कारखान्यात सगळं थेट प्रयोगच असतं. पोराने वडिलांना 'आता निर्णय मला घेऊ द्या' हे आयुष्यात एकदाच सांगायचं असतं, आणि तेही तालमीशिवाय. मग ते वाक्य एकतर भांडणासारखं निघतं, नाहीतर घशातच राहतं.

एक उदाहरण देते, ओळख पुसून. एका फाउंड्रीतले प्रॉडक्शनचे साहेब. कास्टिंगचं रिजेक्शन वाढलं होतं आणि सुपरवायझरशी बोलायचं होतं. मला म्हणाले, 'मॅडम, तुम्ही नाटकातल्या. मला जरा जरबेने बोलायला शिकवा.' मी म्हटलं, मी सुपरवायझर होते, बोला. ते पाच मिनिटं बोलले, आकडे, तारखा, गिऱ्हाइकाची पत्रं. मग मी खुर्च्या बदलल्या. आता तुम्ही सुपरवायझर, मी तुम्ही. आणि त्यांचंच भाषण, शब्द न शब्द, त्यांच्याच सुरात त्यांना ऐकवलं. (पाठांतर हा आमचा एकमेव खात्रीचा गुण.) दोनच मिनिटांत त्यांनी हात वर केला. म्हणाले, 'थांबा मॅडम. ह्यात मी त्याला एकदा पण विचारलं नाही की झालंय काय.' मी काहीही शिकवलं नव्हतं. फक्त त्यांना त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं होतं.

अभिनय म्हणजे नेमकं हेच, असं माझं मत आहे. लोकांना वाटतं नट खोटं वागण्यात पटाईत असतो. खरं म्हणजे चांगला नट दुसऱ्या माणसाला काय हवंय हे शोधण्यात पटाईत असतो. स्तानिस्लावस्कीने नटाला हाच प्रश्न विचारायला शिकवलं, या प्रसंगात या पात्राला हवंय काय? आणि गंमत अशी की हे शिकवणारा माणूस मॉस्कोतल्या कारखानदार घरातला होता. सोन्याचांदीची जर बनवायचा त्यांचा कारखाना होता, आणि रशियन क्रांती होईपर्यंत त्याच्या कारभारात तो होता. एकीकडे जरीचा कारखाना, दुसरीकडे १८९८ मध्ये काढलेलं मॉस्को आर्ट थिएटर. माझ्या दोस्ताला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'त्यो रशियात हुता गं.' असो.

पण इतकं गोडगोड लिहून थांबले तर ते प्रामाणिक होणार नाही. नाटकातून या कामात येणाऱ्यांच्या नावाने बाजारात जे काही चाललंय, त्यातलं बरंच मला खटकतं.

पहिलं म्हणजे मुखवटे विकणं. 'आत्मविश्वास नसला तरी दाखवा', असं उभं राहा, असा हात करा, अशी नजर ठेवा. दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी फोटो. ही आमच्या कलेची चेष्टा आहे. रंगमंचावर प्रेक्षकाला माहीत असतं की हे नाटक आहे, तो तसा करार करून आत येतो. कामगाराने असा करार केलेला नसतो. त्याच्यासमोर काळजीचा अभिनय करायला साहेबांना शिकवणं म्हणजे अभिनय नव्हे, फसवणूक.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे भाषा 'सुधारून' देणं. आमच्याकडची कर्तबगार माणसं मुंबई-पुण्याच्या मीटिंगमध्ये गप्प बसतात, कारण बोलताना कोल्हापूर बाहेर येतं. मी त्यांना सांगते, आवाज मोकळा करू, श्वास नीट घेऊ, वाक्य पूर्ण करू, पण हेल पुसायचा नाही. मी स्वतः बोलताना अजून 'मी आलो, मी गेलो' म्हणतो. इथल्या बायका तशाच बोलतात. लिहिताना तेवढं सांभाळते. बाईने 'आलो' म्हटल्याने तिची अक्कल कमी झालेली मी तरी पाहिलेली नाही.

दुसरं, टाळ्यांचं व्यसन. हे नटाला सोडवत नाही आणि इथे ते सोडावंच लागतं. गटासमोर उभं राहिलं की आम्हाला खोली जिंकता येते. किस्से, नकला, एक हुंदका, एक हशा. लोक म्हणतात, 'काय बोलल्या मॅडम!' आणि सोमवारी सगळं जसंच्या तसं. कोचिंग नीट झालं तर समोरच्याला मी काय बोलले हे आठवत नाही, तो स्वतः काय बोलला हे आठवतं. टाळी नाही, पडदा नाही, कुणी आत येऊन भेटत नाही. बावीस वर्षांच्या सवयीनंतर हे किती जड जातं ते नटालाच विचारा. मला तर पगारापेक्षा हाच बदल मोठा वाटतो.

तिसरं जास्त गंभीर आहे. नाटकात भावना वर आणायच्या युक्त्या आम्हाला माहीत असतात. डोळे मिटायला लावा, लहानपणीचं घर आठवायला लावा, दहा मिनिटांत माणूस रडतो. पण वर आलेलं ते सगळं परत जागेवर ठेवायचं शिक्षण आमच्याकडे नसतं. ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे. समोरचा माणूस आठवडेच्या आठवडे झोपलेला नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, तेव्हा कोचने खुर्ची मागे सरकवून त्याला योग्य दारापर्यंत पोचवायचं असतं. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. काल ठरवलं, आज कार्ड छापलं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची पहिली पायरी गाठायची तरी ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, त्यापुढची १२५ आणि ५०० तासांची, आणि सगळ्यात वरचीला २५०० तास. प्रमाणपत्राने शहाणपण येतं असं मी म्हणत नाही. पण तालमीचे तास न भरता मैदानात उतरू नये, एवढं कोल्हापूरच्या माणसाला तरी सांगायला नको.

चौथं, गुपित. पैसे देते कंपनी आणि बोलतो माणूस. मग मी कुणाची? एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की दर भेटीनंतर 'काय काय बोलले' त्याचा छोटा अहवाल द्या. मी म्हटलं, किती भेटी झाल्या आणि कुठलं ध्येय ठरलं हे सगळ्यांसमोर सांगेन, आत काय बोलणं झालं ते नाही. पुढचं काम आलं नाही. वाईट वाटलं, कारण ते काम मोठं होतं आणि घराचा हप्ता आहे. पण तालमीच्या खोलीला खिडकी ठेवली की आत कुणी चुकत नाही. आणि चुकता येत नसेल तर ती तालीम कसली?

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात अवघड मुद्दा. मावशीचं 'सुटलीस' हे मला टोचतं, त्याचं कारण ते खोटं आहे हे नाही. ते थोडं खरं आहे. नाटकात नाईटवर घर चालत नाही. नाईट म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे, आणि प्रयोग नाही तर नाईट नाही. आजारपण, बाळंतपण, महामारी, सगळं आपलं आपण. मला इंग्रजी येत होतं, पदवी होती, ओळखी होत्या, म्हणून मला दुसरं दार सापडलं. आमच्या सेटवाल्या दादांना, कपडेपट सांभाळणाऱ्या आक्कांना असं दार कुठे आहे? चाळीस माणसांचा बारदाना दौऱ्यावर जेवला-झोपला की नाही हे बघणाऱ्या आमच्या व्यवस्थापक काकांना माणसं सांभाळण्याबद्दल जे कळतं ते माझ्या कोर्सच्या पुस्तकात नव्हतं. पण त्यांना कुठली कंपनी 'लीडरशिप'वर बोलायला बोलावणार? म्हणून 'कलाकारांनो, कॉर्पोरेटमध्ये या, भरपूर संधी आहे' असं सांगणारे लेख वाचले की मला राग येतो. दहातल्या एकाला दार सापडलं म्हणून उरलेल्या नऊंचं घर ठीक आहे असं होत नाही.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणाऱ्यांत नाटकवाले होते आणि आयुष्यात फारशी नाटकं न पाहिलेलेही होते. इमारतीवर गावाचं किती प्रेम आहे ते तेव्हा कळलं, आणि बरं वाटलं. पण इमारत पैशाने परत उभी राहते. तिच्यात उभी राहणारी माणसं चाळिशीत दुसरा धंदा शोधत असतील, तर नव्या पडद्यामागे कोण असणार? ज्या कारखानदारांना आमच्या तालमीचा उपयोग कळला आहे, त्यांना मी हल्ली बिलासोबत एक विनंती करते. गावातल्या एखाद्या हौशी संस्थेला संध्याकाळी तालमीसाठी तुमचा हॉल द्या. दोघांनी दिलाय. एका हॉलमध्ये तर दिवसा माल मोजतात आणि रात्री संवाद!

मागच्या महिन्यात नाटकातल्या एका धाकट्या मुलीने विचारलं, 'ताई, मी पण येऊ का ह्यात?' तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. ये, पण नाटक जमत नाही म्हणून येऊ नकोस, इथे कुणी तेवढ्यावर तरून जात नाही. तास भर. ताळेबंद वाचायला शिक, नाहीतर समोरचा माणूस रात्री कशाने जागा असतो ते तुला कळणार नाही. स्वतःला मोटिव्हेशनल म्हणवून घेऊ नकोस. ऐकायला शिक, म्हणजे आपला संवाद कधी येतोय याची वाट न बघता ऐकायला. आणि वर्षातून एक तरी नाटक कर, भले भूमिका दोन पानांची असो. वस्ताद मातीत उतरायचा थांबला की त्याला फक्त जुन्या कुस्त्या सांगता येतात.

मी स्वतः या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात आहे. आईची भूमिका, दीड प्रवेश. तालमी रात्री नऊला सुरू होतात, कारण निम्मी मंडळी नोकरीवरून येतात. तेव्हा मावशी, उत्तर हे असं आहे. नाटक सोडलेलं नाही. गुरुवारी घरी यायचं म्हणत होतीस ना, तर नऊच्या आत ये. त्यानंतर मी तालमीला असेन.